केनियात धावायला आणि शिकवायला जाताना: मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांचे व पालकांचे नेहमीचे प्रश्न

बीड, परभणी, लातूर, नांदेडकडच्या महाविद्यालयांतून केनियाला दोन-तीन आठवड्यांसाठी जाऊ पाहणारी मुलंमुली, त्यांचे आईवडील आणि क्रीडा शिक्षक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सकाळी धावण्याचा सराव आणि दुपारी तिथल्या शाळेत काम, असा या दौऱ्याचा साधारण ढाचा असतो. शुल्क आणि नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी अधिकृत संकेतस्थळ एकदा उघडून बघाच.

१. एवढे देश सोडून केनियाच कशाला?

धावणाऱ्यांसाठी याचं उत्तर आपल्याच मातीत आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळे ओलांडत धावायची शर्यत) ८ मिनिटं ११.२० सेकंदांत दुसरा आला. पहिला आलेला केनियाचा अब्राहम किबिवोट त्याच्यापुढे फक्त ०.०५ सेकंदानं होता. ज्या प्रकारात केनियाचं वर्षानुवर्षं राज्य, तिथे बीडचा गडी खांद्याला खांदा लावून पळाला. हे धावपटू ज्या पठारावर तयार होतात, तिथलं इटेन हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे. ८०० मीटरचा विश्वविक्रमवीर डेव्हिड रुडिशा इथल्याच सेंट पॅट्रिक्स शाळेचे प्रशिक्षक कोल्म ओ'कॉनेल यांच्या हाताखाली तयार झाला. लाल मातीच्या रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्यांचे जथे निघतात, आणि मागे धावणाऱ्या नवख्याला कोणी हाकलत नाही.

२. मी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपुढे गेलो नाही. माझा नंबर लागेल का?

लागतो. हा निवड चाचणीचा दौरा नसतो. पण न थांबता चाळीस-पंचेचाळीस मिनिटं आरामात धावता यायला हवं, नाहीतर तिथल्या हवेत पहिला आठवडा नुसता धापा टाकण्यात जाईल (प्रश्न १५ पाहा). खो-खो, कबड्डीवाल्यांनाही हेच लागू.

३. 'स्वयंसेवा' म्हणजे तिथे जाऊन नेमकं करायचं काय?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे आणि तो सगळ्यात कमी विचारला जातो. तिकीट काढून मोकळे झाल्यावर 'काहीतरी सेवा बघू' असं ठरवणारे गट तिथे जाऊन भिंती रंगवतात. ती भिंत गावातल्या रंगाऱ्यानं जास्त चांगली रंगवली असती आणि त्याला मजुरीही मिळाली असती.

म्हणून आधी काम ठरवा, मग तारीख, मग तिकीट. तिथल्या शाळेला किंवा संस्थेला सरळ विचारा: तुम्हाला काय हवं आहे? आम्ही गेल्यावर ते कोण पुढे चालवणार? उत्तर लेखी घ्या. उत्तर जर 'तुम्ही या, मग बघू' असं आलं, तर तो यजमान अजून तयार नाही असं समजा.

आपल्याकडे द्यायला काय आहे? खो-खो. दोन खांब, चुन्याच्या रेघा आणि मोकळं मैदान एवढ्यावर हा खेळ उभा राहतो. २७ बाय १६ मीटर जागा कुठल्याही शाळेत सापडते. केनियाचे संघ जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या खो-खो विश्वचषकात खेळून गेले आहेत, तेव्हा तिथे हा खेळ अगदीच अनोळखी नाही. आणि धाराशिवनं सारिका काळेसारखी अर्जुन पुरस्कार मिळवणारी कर्णधार दिली, त्या मराठवाड्यातल्या पोरांनी खो-खो शिकवायचा नाही तर कोणी? मुलांना शिकवण्यापेक्षा तिथल्या दोन शिक्षकांना शिकवा. 'खो' पाठीमागूनच द्यायचा, खो मिळाल्यावर दिशा बदलायची नाही, खांबाला वळसा कसा घ्यायचा, हे त्यांच्याकडून करवून घ्या. ते तिथेच राहणार आहेत, तुम्ही नाही.

निघण्याआधी महिनाभर जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत हेच वर्ग घेऊन बघा, तेही तोडक्यामोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी. चाळीस पोरं एका वेळी अंगावर आली की आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, ते आठवडाभरात कळतं.

४. अनाथाश्रमात जाऊन मुलांसोबत राहिलो तर? आईला तेच पुण्याचं काम वाटतं.

आईची भावना खरी आहे, पण हे करू नका. दोन आठवडे जीव लावून निघून जाणाऱ्या ताई-दादांची रांग लागली की त्या लेकरांचं नुकसानच होतं. शिवाय परदेशी पाहुणे आणि देणग्या येतात म्हणून आईवडील असलेली मुलंही आश्रमात ठेवल्याचे प्रकार जगात बऱ्याच ठिकाणी उघड झाले आहेत. केनिया सरकारनं २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि मुलं कुटुंबात, नात्यात वाढावीत असं धोरण आता घेतलं आहे. दिवसा चालणारी शाळा, मैदान, रोपवाटिका, वाचनालय अशी कामं निवडा. मुलांचे फोटो शाळेच्या परवानगीशिवाय काढू नका, आणि परवानगी मिळाली तरी एकट्या मुलाचा चेहरा नावासकट स्टेटसला टाकू नका.

५. गावातून जुने कपडे, वह्या, बूट गोळा करून न्यावेत का?

कपडे अजिबात नको. तिथे जुन्या आयात कपड्यांचा प्रचंड बाजार आहे, त्याला 'मितुंबा' म्हणतात. आपण नेलेलं गाठोडं त्या ढिगात फक्त भर घालतं आणि कस्टमला उत्तरं द्यावी लागतात ती वेगळीच. वह्या-पेनं तिथल्याच दुकानातून घ्या, म्हणजे पैसा त्याच गावात राहतो. धावण्याचे चांगल्या स्थितीतले बूट मात्र यजमानानं मागितले असतील तर मापं विचारून न्या.

६. कुठल्या महिन्यात जावं?

इथे तीन पंचांगं जुळवावी लागतात: आपल्या विद्यापीठाचं, तिथल्या शाळांचं आणि पावसाचं. केनियात मार्च ते मे मोठा पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा पाऊस. शाळांची तीन सत्रं असतात, आणि ऑगस्टमध्ये व वर्षाच्या शेवटी सुट्ट्या. म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी बघून गेलात तर तिथल्या शाळा सुट्टीच्या तोंडावर किंवा बंदच असणार. सेवा शाळेत करायची तर जून-जुलै बरा.

पण जूनमध्ये आपल्याकडे पेरणी. घरची वीस एकर नसली तरी दोन एकर असतात, आणि मृगाचा पाऊस पडला की वावरात हात लागतोच. बरीच मुलं हे सांगायला लाजतात आणि ऐनवेळी नाव मागे घेतात. क्रीडा शिक्षकांनी हा प्रश्न आपणहून विचारावा आणि शक्य असेल तर तारखा जुलैत ढकलाव्यात.

७. तयारी किती आधी सुरू करावी?

सहा महिने. पहिले दोन महिने पासपोर्टात जातात, आणि नावात चूक निघाली तर जास्तच (प्रश्न ८). यजमानाशी पत्रव्यवहार त्याच काळात उरकावा, कारण कामाचा परवाना त्यांच्याकडून निघतो (प्रश्न ११). निघण्याच्या दोन महिने आधी डॉक्टरांची भेट आणि लसी. प्रवासाची ऑनलाइन परवानगी सगळ्यात शेवटी.

८. दहावीच्या सनदेवर आडनाव आधी आहे, आधारवर शेवटी. पासपोर्टला अडेल का?

क्रम उलटा असल्यानं सहसा अडत नाही, स्पेलिंगनं अडतं. आपल्या बोर्डाच्या कागदांवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम असतो. पासपोर्टच्या अर्जात दोन वेगळे रकाने असतात. आडनावाच्या रकान्यात फक्त आडनाव, आणि नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव व त्यापुढे वडिलांचं नाव. सगळं एकाच रकान्यात कोंबलं की पुढे तिकिटावर नाव वेगळं येतं.

खरी डोकेदुखी अशी: 'जाधव'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये सनदेवर शेवटी 'ओ' आणि आधारवर 'व्ही'. किंवा टीसीवर 'ज्ञानेश्वर' एका पद्धतीनं आणि बँकेत दुसऱ्या. दहावीची सनद प्रमाण धरा आणि आधार तिच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, कारण उलट करायला गेलात तर बोर्डाचे हेलपाटे पडतात. हे सगळं अर्जाआधी. जन्म १ ऑक्टोबर २०२३ च्या आधीचा असल्यानं तुम्हाला जन्मदाखल्याची सक्ती नाही. दहावीची सनद किंवा शाळा सोडल्याचा दाखला जन्मतारखेसाठी चालतो.

सज्ञान व्यक्तीच्या ३६ पानी साध्या पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये आहे आणि तत्काळसाठी वर २,००० रुपये लागतात. यापेक्षा जास्त 'फी' सांगणाऱ्या एजंटाची गरज नाही. अर्ज मोबाइलवरूनही भरता येतो. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या वेळी किमान सहा महिने शिल्लक हवी.

९. घर हिंगोलीजवळच्या खेड्यात, मी राहतो संभाजीनगरच्या वसतिगृहात. पत्ता कुठला द्यायचा?

दोन्हीपैकी एक चालतो. वसतिगृहाचा द्यायचा तर प्राचार्यांच्या सहीचं बोनाफाइड लागतं. पण पोलीस पडताळणीचा फोन येईल तेव्हा तुम्ही त्या पत्त्यावर हजर पाहिजे. परीक्षा संपल्यावर वसतिगृह रिकामं होणार असेल तर सरळ गावचा पत्ता द्या आणि पोलीस पाटलांच्या कानावर घालून ठेवा.

१०. मला अजून अठरा पूर्ण नाहीत. काय वेगळं लागेल?

पासपोर्टसाठी आईवडील दोघांच्या संमतीचं विहित घोषणापत्र. वडील नसतील, वेगळे राहत असतील किंवा सही द्यायला तयार नसतील तर एकाच पालकासाठी वेगळं घोषणापत्र आहे, त्यामुळे आशा सोडू नका. प्रवासासाठी दोघांचं नोटरी केलेलं इंग्रजी संमतीपत्र, त्यात सोबतच्या शिक्षकाचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक. त्याच्या तीन प्रती काढा.

११. केनियाचा व्हिसा कसा काढायचा? आणि आम्ही पगार घेणार नाही, मग कामाचा परवाना कशाला?

जानेवारी २०२४ पासून केनियानं व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली आहे. प्रत्येकाला, लहान मुलालाही, ती वेगळी लागते. पासपोर्ट, फोटो, तिकीट आणि राहण्याचं ठिकाण अपलोड करायचं. प्रक्रियेला साधारण तीन कामाचे दिवस लागतात, पण दोन आठवडे हाताशी ठेवा. सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी खासगी संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट पैसे घेतात, ती टाळा.

आता दुसरा भाग. सराव करणं, फिरणं, मैत्रीपूर्ण सामना खेळणं हे पाहुण्याच्या परवानगीत बसतं. शाळेत रोज शिकवणं हे त्यांच्या कायद्याच्या नजरेत काम ठरू शकतं, पगार असो वा नसो. कमी मुदतीच्या अशा कामासाठी 'स्पेशल पास' हा प्रकार आहे आणि त्याचा अर्ज यजमान संस्था करते. 'सगळे पाहुणे म्हणूनच येतात, कोणी विचारत नाही' असं सांगणारा यजमान असेल तर दुसरा शोधा. अडचण आली तर पासपोर्ट तुमचा अडकतो, त्याचा नाही.

१२. पिवळ्या तापाची लस केनियात विमानतळावर विचारत नाहीत म्हणे. मग घ्यायची कशाला?

कारण ती परत येताना भारत विचारतो. भारतात पिवळा ताप नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या घरोघरी आहे. डेंग्यू तोच पसरवतो. म्हणून पिवळा ताप असलेल्या देशातून येणाऱ्याकडे लसीचं प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. केनिया त्या यादीत आहे. केनिया भारतातून थेट आलेल्याला विचारत नाही हे खरं, पण इथिओपियातल्या अदिस अबाबामार्गे जाणार असाल आणि तिथे बराच वेळ थांबणार असाल तर केनियातही विचारू शकतात.

लस नुसती कागदासाठी नाही. इटेनच्या कड्याखाली जे केरियो खोरं पसरलं आहे, त्याच भागात १९९२-९३ मध्ये पिवळ्या तापाची साथ आली होती.

ही लस फक्त सरकारमान्य केंद्रावर मिळते. मुंबईत अशी केंद्रं आहेत. बाकीची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बघा. गल्लीतल्या दवाखान्यात टोचून घेतलेली लस या कामाला चालत नाही. केंद्रांवर ठरावीक वारीच लस देतात आणि आधी नोंदणी लागते, म्हणून सगळ्या गटाची एकच तारीख घ्या. प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. जाताना मूळ पासपोर्ट न्या, कारण त्याचा क्रमांक प्रमाणपत्रावर लिहितात.

१३. मला अंड्याची ॲलर्जी आहे. लस घेता येईल का?

ही लस कोंबडीच्या अंड्यात तयार होते. अंडं खाल्ल्यावर श्वास लागणं, घसा सुजणं असं होत असेल तर केंद्रावरच्या डॉक्टरांना आधी सांगा. ते लस नाकारून तसं वैद्यकीय पत्र देऊ शकतात. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असणाऱ्यांनाही हेच लागू. पण पत्र असलं तरी परतल्यावर विलगीकरणाची वेळ येऊ शकते हे धरून चाला, आणि लगेच परीक्षा असेल तर हा दौरा सोडा.

१४. मलेरियाच्या गोळ्या घ्याव्यात का?

कुठे जाता त्यावर आहे. इटेन, एल्डोरेटसारख्या उंच थंड भागात धोका कमी. केरियो खोरं, व्हिक्टोरिया सरोवराकाठचं किसुमू आणि मोम्बासाची किनारपट्टी इथे धोका खरा आहे. रविवारी खोऱ्यात सहल ठरली असेल तरी ती डॉक्टरांना सांगा. गोळ्या निघण्याआधी सुरू करून परतल्यावरही ठरलेले दिवस घ्यायच्या असतात; मध्येच सोडल्या तर उपयोग नाही. कुठली गोळी, हे डॉक्टर ठरवतील. लांब बाह्यांचा सदरा आणि डासांचं मलम सगळ्यांनीच न्यावं.

१५. उंचीवर गेल्यावर नेमकं काय होतं? दोन आठवड्यांत स्टॅमिना वाढतो का?

आपला बराचसा मराठवाडा चारशे ते सहाशे मीटर उंचीवर आहे. २,४०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानानं साधारण पाव हिश्श्यानं कमी असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढा कमी. पहिल्या दिवशी जिना चढतानाच छाती भरून येते. डोकं दुखतं, झोप तुटक लागते.

पहिले दोन दिवस फक्त चाला. तिसऱ्या दिवसापासून बोलत बोलत धावता येईल इतक्याच वेगानं धावा, आणि पहिला आठवडा वेगाचा सराव नको. परभणीच्या मैदानावर पाच मिनिटांनी किलोमीटर मारणाऱ्या पोराला तिथे साडेपाच-सहा मिनिटं लागली तर तो कच्चा पडला असं नाही. तिथले लोक 'पोले पोले' म्हणतात, म्हणजे हळूहळू. ते ऐका. थंड हवेत तहान कळत नाही, म्हणून पाणी ठरवून प्या. डोकेदुखी विश्रांती घेऊनही वाढतच गेली, उलट्या झाल्या किंवा बसल्या जागी दम लागला, तर लपवू नका. शिक्षकांना सांगा आणि खाली उतरा.

रक्तातल्या तांबड्या पेशी वाढून खरा फायदा दिसायला साधारण तीन आठवडे लागतात. दहा दिवसांच्या दौऱ्यात तो मिळेल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मिळतं ते शिस्त बघायला: संथ दिवशी खरोखर संथ धावणं, दुपारची झोप, आणि एकमेकांना सोबत घेऊन पळणं.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. निघण्याच्या दोन महिने आधी हिमोग्लोबिन तपासा, मुलींनी तर नक्कीच. आपल्याकडे चांगल्या धावणाऱ्या मुलींचंही हिमोग्लोबिन नऊ-दहावर असतं आणि घरात कोणाला पत्ता नसतो. रक्त कमी आणि हवेतही प्राणवायू कमी, असं झालं तर सराव बाजूलाच, चालणं अवघड होईल. दोन महिने हाताशी असले तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं लोहाच्या गोळ्यांनी फरक पडतो.

१६. तालमीतल्या दादानं ताकदीची पावडर दिली आहे. न्यावी का?

नाही. डब्यावर लिहिलेलं आणि डब्यात असलेलं वेगळं असू शकतं, आणि बंदी घातलेला पदार्थ नमुन्यात सापडला तर जबाबदारी खेळाडूचीच, मुद्दाम घेतला असो वा नसो. 'आयुर्वेदिक आहे' हे कारण चालत नाही. नियमित औषध असेल, विशेषतः दम्याचा पंप, तर राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या 'नो युअर मेडिसिन' ॲपवर तपासा आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत ठेवा. तिथे कोणी इंजेक्शन सुचवलं तर उठून निघून या.

१७. मी माळकरी आहे. जेवणाचं कसं?

उपाशी राहणार नाही. मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला उगाली, बारीक चिरून परतलेली सुकुमा विकीची पालेभाजी, मका-घेवड्याचं गिठेरी आणि चक्क चपाती, हे रोजचं जेवण. पण भाजी कधी मांसाच्या रश्श्यात शिजवतात. तेव्हा 'शाकाहारी' एवढंच न सांगता 'मांस नको, रस्साही नको' असं यजमानाला आधीच लिहून कळवा. सोबत शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजके पोहे आणि दोन दिवस पुरतील एवढ्या दशम्या. तुळशीचं रोप, बियाणं, कच्ची फळं नेऊ नका. वनस्पतींवर तपासणी कडक आहे.

१८. सामान बांधताना विसरतं असं काय?

प्लास्टिक! केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. आपण चटणी एका पिशवीत, चपला दुसऱ्या पिशवीत, ओले कपडे तिसऱ्या पिशवीत बांधतो. सगळं कापडी पिशव्यांत आणि डब्यांत भरा.

थंडीचे कपडे न्या. मे महिन्यात बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत राहिलेल्याला इटेनची दहा-बारा अंशांची पहाट झोंबते. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, खिळ्यांचे बूट मोठ्या बॅगेत. सॉकेट तीन चौकोनी पिनांचं असतं, तेवढं ॲडॉप्टर घ्या.

१९. पैसे कसे न्यावेत?

थोडे डॉलर रोख आणि बाकी बँकेच्या फॉरेक्स कार्डावर. डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या, न दुमडलेल्या घ्या. जुन्या मालिकेच्या नोटा तिथे नाकारतात. रोजचा व्यवहार एम-पेसावर चालतो, अगदी केळीवालीसुद्धा. २००७ पासूनची ती मोबाइल पैशांची व्यवस्था आहे आणि पासपोर्ट दाखवून सिम घेतलं की पाहुण्यालाही वापरता येते. दौरा प्रवास कंपनीकडून घेतला तर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापला जातो. तो कर बुडत नाही, विवरणपत्र भरून परत मिळतो, पण ज्याच्या पॅनवर कापला त्यालाच. आईवडील विवरणपत्र भरत नसतील तर या निमित्तानं भरा.

२०. साधा प्रवास विमा पुरतो का?

पॉलिसीत 'खेळ' हा शब्द शोधा. बऱ्याच पॉलिसी सराव किंवा स्पर्धेतली दुखापत वगळतात, आणि धावताना घोटा मुरगळणं हीच तुमच्या बाबतीत सगळ्यात संभवणारी गोष्ट. खेळाची जोडपॉलिसी आणि गंभीर रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवण्याचा खर्च, दोन्ही लेखी हवेत.

२१. मुलीला एवढ्या लांब पाठवायचं. भरवसा कसा ठेवावा?

काळजी रास्त आहे, आणि तिची उत्तरं ठोस मिळायला हवीत. महिला शिक्षिका सोबत आहे का? मुलींची खोली कुठे, तिची किल्ली कोणाकडे? एकटीनं धावायचं नाही, हा नियम मुलामुलींना सारखाच आहे का? इटेन जवळजवळ विषुववृत्तावर असल्यानं वर्षभर सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो. उजाडल्यावरच गटानं धावायचं. नैरोबीत अंधार पडल्यावर पायी फिरायचं नाही.

तातडीसाठी तिथले क्रमांक ९९९ आणि ११२. नैरोबीतल्या भारतीय उच्चायोगाचा क्रमांक घरच्या भिंतीवरही लावा. तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे, तेव्हा रात्री साडेनऊला तिचा फोन आला नाही तर तिथे सात वाजलेत, जेवणाची वेळ आहे. आणि शिक्षकांनी ही उत्तरं पालकांच्या बैठकीत द्यावीत, वडिलांसोबत आईलाही बोलावून. घरी परवानगी बहुतेक वेळा तिच्याकडून निघते.

२२. या दौऱ्याच्या प्रमाणपत्रावर ५ टक्के खेळाडू आरक्षण मिळेल का? दहावी-बारावीचे वाढीव गुण?

नाही. त्यासाठी शासनानं ठरवलेल्या मान्यताप्राप्त स्पर्धांचीच प्रमाणपत्रं लागतात आणि त्यांची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयात होते. मराठवाड्यासाठी ती कार्यालयं छत्रपती संभाजीनगर आणि लातूरला आहेत. मैत्रीपूर्ण दौऱ्याचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही. 'आंतरराष्ट्रीय खेळाडू' असं छापलेलं प्रमाणपत्र देतो म्हणून जादा पैसे मागणारा भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. बनावट प्रमाणपत्रावर नोकरी लागलेल्यांच्या नोकऱ्या गेल्या आहेत.

२३. तिथे रविवारी गावात शर्यत असते. बक्षीसही असतं. पळू का?

नोंदणीकृत ॲथलीट असाल तर परदेशातल्या अधिकृत शर्यतीसाठी आपल्या महासंघाची आधी परवानगी लागते. निघण्यापूर्वी जिल्हा संघटनेमार्फत विचारून ठेवा. शाळेच्या मैदानावरच्या मैत्रीपूर्ण शर्यतीला असं काही नाही. बक्षिसाची रक्कम मात्र घेऊ नका. पाहुण्याच्या परवानगीवर कमाई बसत नाही.

२४. मुंबईचं विमान पहाटेचं आहे. आदल्या रात्रीच्या गाडीनं निघालो तर चालेल?

एक दिवस आधीच मुंबई गाठा. देवगिरी असो, नंदीग्राम असो की समृद्धीवरून गाडी, जुलैच्या पावसात कसारा घाटाच्या अलीकडे-पलीकडे काय होईल ते सांगता येत नाही. बारा जणांची तिकिटं वाया जाण्यापेक्षा एक मुक्काम स्वस्त.

२५. यजमान म्हणाले 'दोन वाजता या', आम्ही दोनला गेलो तर शाळा सुटायला आली होती. असं का होतं?

स्वाहिली बोलणारे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास आणि आठ म्हणजे दुसरा. इंग्रजीत बोलताना बहुतेक जण आपल्यासारखीच वेळ सांगतात, पण वयस्कर शिक्षक किंवा गाडीवाला स्वाहिलीतून हिशेब करून 'दोन' म्हणू शकतो. प्रत्येक वेळी 'सकाळी की दुपारी?' असं विचारा आणि घड्याळावर बोट ठेवून दाखवा.

२६. परत आल्यावर पंधरा-वीस दिवसांनी ताप आला. आता त्याचा केनियाशी काय संबंध?

असू शकतो. मलेरियाचा जंतू शरीरात गेल्यावर ताप यायला आठवडा ते काही आठवडे लागतात, आणि आफ्रिकेत सर्रास आढळणारा फाल्सिपॅरम मलेरिया एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतो. पावसाळ्यात आपल्याकडे ताप म्हटलं की डॉक्टर डेंग्यू किंवा व्हायरल धरतात. त्यांनी विचारलं नाही तरी पहिलं वाक्य हेच बोला: 'मी केनियाहून आलोय, अमुक तारखेला.' त्याच दिवशी रक्ताची मलेरिया तपासणी मागा. पहिली निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. परतल्यानंतर तीन महिन्यांपर्यंत हे लक्षात ठेवा, आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा, कारण तापात तुम्हाला स्वतःला सांगायचं सुचेलच असं नाही.